साडेचार मैल

नदीचं मूळ शोधू नये म्हणतात.
ओढ्याचं शोधलं तर चालत असावं.
केसलरच्या डुकरांच्या गोठ्यामागे
बीचच्या मुळांखालून ओल निघते,
बुटाचा ठसा भरेल, एवढीच.
तिथून साडेचार मैल.

पेनसिल्व्हेनियाच्या नकाशावर हा
पानाला चिकटलेल्या केसासारखा दिसतो,
झटकावासा वाटणारा.
लोरेटा हुडाकनं एकतीस वर्षं
याच्याच काठानं शाळेची बस चालवली.
खाली कधी उतरली नाही.
आता दर मंगळवारी उतरते:
रबरी बूट, पाच बाटल्या, गुडघ्याला पट्टा.

कागदावरचं नाव थ्रॉल्स रन.
थ्रॉल मोजणीची साखळी घेऊन आला होता,
एक दुपार थांबला, तापानं फणफणला,
वहीत स्वतःचंच नाव टाकून निघून गेला.
आधीचं नाव ज्यांच्या तोंडी होतं
त्यांना पश्चिमेला हाकललं होतं,
नावही त्यांच्या सामानात गेलं.
लोरेटानं ओक्लाहोमाला पत्र घातलं.
एका बाईंचं उत्तर आलं, सभ्य, दोन ओळींचं:
असे ओढे पुष्कळ होते.
सगळ्यांना नावं होती.

दुसऱ्या मैलावर गिरणीचा चौथरा,
त्यावर कुणाची तरी मोडकी खुर्ची.
तिसऱ्यावर खाण.
आजोबा श्टेफान तिथे खाली जायचे,
वर यायचे तेव्हा फक्त डोळे ओळखू यायचे.
चौपन्न साली खाणीला कुलूप लागलं;
पाण्याला कुणी कळवलं नाही.
ते अजून पाळीवर येतं,
अंधारातून लोखंड घेऊन बाहेर पडतं
आणि मैलभर दगडांना गेरू फासतं.
पहिलीत तिनं ओढा नारिंगी रंगवला होता.
बाईंनी खोडून लिहिलं, पाणी निळं असतं.

मग चुनखडीची तळी खणली,
चर्चची माणसं, दोन निवृत्त वेल्डर, एक भाड्याचं यंत्र.
सामू चार पूर्णांक एक होता.
आता सहाच्या वर, बहुतेक आठवडे.
गेल्या ऑक्टोबरात तिनं एक दगड उलटा केला,
खाली एक अळी होती,
वाळूच्या कणांचं घर पाठीवर घेतलेली.
ती दगड हातात धरून इतका वेळ उभी राहिली
की बोटं बधिर झाली.
मग होता तसा ठेवला.

शेवटी टायरच्या दुकानाखाली
दोनशे फूट पाइप.
आत काय आहे, कुणाला ठाऊक नाही.
वरच्या तोंडाशी ती बीचचं पान सोडते,
गाड्यांमधून वळसा घालून खालच्या तोंडाशी येते,
वाट बघते.
दुकानातला पोरगा, ड्वेन, विचारतो,
काही हरवलंय का?
ती म्हणते, थांब जरा.
तोही थांबतो, हातात पाना तसाच.

आज पान आलं नाही.
आला एक टेनिसचा चेंडू, शेवाळलेला,
निवांत गोल फिरत.
तो तिनं सोडला नव्हता.