कोण? मी.

आमच्या ॲपला एकच पान.
हजेरी, ओव्हरटाइम, शिल्लक रजा,
घरी जायच्या तिकिटाची तारीख,
सगळं त्यातच.
ते पान उलटत नाही कधी, आतला मजकूर तेवढा बदलतो,
जसा सलमाबादच्या या ऑफिसात
शेजारच्या गॅरेजमधल्या रंगाच्या फवाऱ्याचा वास घेत
माझा एक दिवस दुसऱ्यात बदलतो.

त्या पानाला दार नव्हतं.
कुणीही यावं, कामगार क्रमांक टाकावा,
कुणाचाही पगार बघून जावं.
जलालसाहेब म्हणाले, गुरुवारपर्यंत कुलूप लाव.

लहानपणी कडी वाजली की आतून विचारायचे, कोण?
बाहेरून उत्तर यायचं, मी.
दार उघडायचं.
मी म्हणजे कुठला मी,
हे कुणी पुढे विचारलेलं आठवत नाही.

इथे तेवढ्यावर भागत नाही.
ब्राउझरच्या खिशांना तळ नसतो,
त्याच्याजवळ गुपित ठेवायचं नाही, हा पहिला धडा.
म्हणून पान माणसाला पलीकडे धाडतं,
ओळख पटवणाऱ्याच्या खिडकीशी.
निघताना फाडलेल्या नोटेचा अर्धा तुकडा पुढे द्यायचा,
परतल्यावर उरलेला अर्धा जुळवून दाखवायचा.

मला सौदीकडे जाणारा पूल आठवत राहिला.
समुद्राच्या मधोमध ते बेट, गाड्यांची रांग,
इकडचा शिक्का, तिकडचा शिक्का,
आणि नुसतं जाऊन यायचं म्हणून
पलीकडे जाणारी माणसं.
परतीचा पत्ता अक्षरन् अक्षर जुळावा लागतो.
माझ्या पत्त्यात शेवटी एक तिरकी रेघ जास्त होती.
दोन रात्री गेल्या त्या रेघेत.
चार वेळा करक चहा, आणि एकदा, खोटं कशाला बोलू,
जिन्यात बसून रडले.

टोकनचं आयुष्य एक तास.
माझ्या व्हिसाचं दोन वर्षं.
दोन्ही संपायच्या आत
पडद्यामागे कुणीतरी नवं करून आणतं,
आणि मला वाटत राहतं
मी सलग इथेच होते.

बुधवारी चाचणीसाठी अप्पलस्वामीला बोलावलं.
एकोणीस वर्षं वायरिंग करतोय, चपला बाहेर काढून आत आला,
सीपीआर कार्ड दोन्ही हातांनी पुढे धरलं,
जणू मीच खिडकीपलीकडची.
त्याचं नाव एकच.
पासपोर्टवर आडनावाच्या जागी कोरं.
फॉर्म लाल झाला: ही माहिती आवश्यक आहे.
त्यानं माझ्याकडे पाहिलं. चूक त्याचीच असावी तसं.
मी ती अट पुसून टाकली.
सबंध कामात खात्रीनं बरोबर अशी
माझी तेवढी एकच ओळ,
आणि ती आता तिथे नाही.

शुक्रवारी सुट्टी. तरी सकाळी नोंदी उघडल्या.
सहा बाराला लोकेंद्र.
सहा तेराला मुनिरुल.
सव्वासहाला अप्पलस्वामी, दुसऱ्या प्रयत्नात.
मग सुकुमारन, मग आणखी चौघे.
आठ माणसं, फोन एकच.

नियमानं ही धोक्याची खूण.
मला मात्र ती खोली दिसली.
वर-खाली खाटा, दोरीवर निळे डांगरी सूट,
एकट्या लोकेंद्रच्या फोनची काच धड,
आणि आठही पासवर्ड त्याला तोंडपाठ.
तो विचारत असेल, आता कोण?
वरच्या खाटेवरून, पांघरुणातून,
कुणीतरी म्हणत असेल, मी.

इशारा पाच जणांनंतर वाजतो.
मी पाचाचे नऊ केले.
जलालसाहेबांना कळवलं,
कुलूप लागलं.