सिमवर

मीटर बदलल्याची पावती मी जपून ठेवली आहे.
जुना मीटर, अंतिम रीडिंग: पंधराशे ब्याऐंशी.
नवा मीटर, आरंभ: शून्य.
सही इरफान तांबोळी, वेळ सव्वाअकरा,
कोपऱ्यात आमच्याच चहाचा गोल डाग.

जुना उतरवला तेव्हा भिंतीवर एक चौकोन राहिला,
पिस्त्याच्या रंगाचा.
मी विसरलो होतो की हे घर कधी पिस्त्याच्या रंगाचं होतं.

मी खडकीच्या कारखान्यात
एकतीस वर्षं गेज लावून माल पास-नापास केलेला माणूस.
दशांशावर माझा विश्वास आहे, माणसांवर त्यानंतर.
म्हणून वही. दर एक तारखेला रीडिंग, निळ्या शाईनं.
दोन महिन्यांना बावीस युनिट.
गणपती असले तर चोवीस.
नातू राहून गेला तर सव्वीस, आणि तो गेला की
पुन्हा बावीस.

नव्या मीटरनं पहिल्याच बिलात दाखवले एकतीस.

बिबवेवाडी, तिसरा मजला, माणसं दोन. एकतीस?
समोरचे ओसवाल म्हणाले, नवे मीटर पळतातच.
खालच्या फडणीसबाई म्हणाल्या, गळती असेल,
आधी खिडक्या उघडा.
मी खिडक्या उघडल्या आणि अर्ज लिहिला.
मुद्दे एक ते सात, सोबत वहीची झेरॉक्स.

तांबोळी परत आला.
सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही.
सगळे नॉब बंद करून आम्ही दोघं मीटरसमोर उभे,
दहा मिनिटं, देवळात राहावं तसे गप्प.
शेवटचा लाल आकडा हलला नाही.
मग त्यानं छोटा बर्नर पेटवला, पार सिमवर,
करंगळीच्या नखाएवढी ज्योत,
आणि लाल आकडा
जडपणे कूस बदलावी तसा सरकला.

"काका, जुन्याच्या आत पडदे असतात. ते थकतात.
मोठी आंच बरोबर मोजतात,
बारीक आंच त्यांच्या हातून निसटते.
हा पळत नाहीये. तो डुलक्या घेत होता."

मी म्हणालो, "पण आमच्याकडे सिमवर असतं काय एवढं?"
त्यानं प्रमिलाकडे पाहिलं.
प्रमिला ओटा पुसत राहिली, पुसलेलाच.

वहीत नवे दोन रकाने आखले:
रात्री साडेदहा, सकाळी सहा.
या दोहोंमध्ये काही जळायचं कारण नाही.
रोज जळत होतं.
पॉइंट शून्य चार. पॉइंट शून्य पाच.

चौथ्या रात्री उठलो. पावणेतीन.
स्वयंपाकघरात अंधार, त्यात ती निळी ज्योत,
वर पातेल्यात पाणी.
स्टुलावर बसून ती पंचा बुडवत होती, पिळत होती,
गुडघ्यावर ठेवत होती, मग दुसऱ्या गुडघ्यावर.
"कधीपासून?"
"तुम्ही रिटायर व्हायच्या आधीपासून."
"दिवा तरी लावायचा."
"दिवा लावला की तुम्हाला जाग येते."

कारखान्यात दर सहा महिन्यांनी
गेजसुद्धा तपासायला पाठवायचो आम्ही.
गेज धरणाऱ्याला कोणी पाठवत नसे.

आता पातेलं दिवा लावून तापतं. मला जाग येते.
कधी पंचा मी पिळतो. कधी नुसता बसतो,
आणि ती म्हणते, जा झोपा, आकडे काय सकाळीही दिसतील.

अर्जातले सहा मुद्दे खोडले आहेत.
सातवा ठेवला आहे.
पावतीवर आरंभ शून्य लिहिलंय, पण त्या दिवशी
मी चष्मा लावून पाहिलं होतं, नवा मीटर तीनवर होता.
ते तीन युनिट आम्ही जाळलेले नाहीत.
प्रमिला म्हणते, सोडा हो, किती रुपयांचा प्रश्न आहे.
सोडणार नाही.

वाढीव नवातले तीन कंपनीचे.
उरलेले सहा, गुडघ्यांचे, तुपाचे, उतू न जाणाऱ्या दुधाचे,
ते आमचे. भरले.