सोळा इंच

माशेलच्या वाचनालयात शनिवारी नऊ मुलं येतात.
दारात चपला एकमेकींवर चढलेल्या,
एकाच्या खिशात आवळे, दुसऱ्याच्या गुडघ्याला पट्टी.
त्या शनिवारी पुस्तक होतं
अमेरिकेतल्या गुलामांचं.
पान एकोणीस. जहाजाच्या पोटाचं चित्र.
माणसं लावलेली,
एकाच्या पायाशी दुसऱ्याचं डोकं.
तन्वेश म्हणाला, “टीचर, बांगडे खारवतात तशी,”
आणि म्हटल्यावर
त्याला स्वतःलाच ते आवडलं नाही.

मी खडू घेतला, फूटपट्टी घेतली.
तांबड्या सिमेंटच्या जमिनीवर सोळा इंच मोजले:
एका माणसाची रुंदी,
कित्येक आठवड्यांच्या समुद्रासाठी.
कुणाला आत झोपून बघ म्हटलं नाही.
तो खेळ नव्हता.
नुसत्या दोन रेघा.
पण तहान लागली तेव्हा मुलं
त्यांना वळसा घालून माठाकडे गेली.

जॉयविताने विचारलं, “त्यांची नावं काय?”
पुस्तकात एक यादी होती.
वय होतं, उंची होती, दात कसे ते होतं, किंमत होती.
नावाच्या रकान्यात
मालकाने ठेवलेलं नाव होतं.
“म्हणजे आईने ठेवलेलं नाही?”
नाही.
तिने पान उलटून मागे बघितलं,
मागे छापलं असेल म्हणून.

मग मागून कुणीतरी, बहुतेक धाकट्या शाणूने,
हळूच: “टीचर, आमगेर अशें नासलें न्हय?”

‘नाही’ माझ्या ओठांवर तयार होतं.
माझ्या शाळेत मिरीचा धडा होता,
तोफांचा होता, बाटवाबाटवीचा होता.
हा नव्हता.
मी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

पुढच्या शनिवारी कदंबाच्या बसने
आम्ही जुन्या गोव्याला गेलो.
चर्चकडे नाही. मुलं खट्टू झाली.
कमानीखालून जाणाऱ्या त्या रस्त्यावर उभं केलं त्यांना,
जो पुढे फेरीच्या धक्क्यावर उतरतो.
सांगितलं: इथे बाजार भरायचा.
इथे घोडे विकायचे, गालिचे विकायचे,
आणि मोझांबिकहून जहाजातून आणलेली माणसं.
“कोण घ्यायचं? पाखले?”
पाखले. आणि ज्यांच्यापाशी पैसे होते ते.
“आपले पण?”
दिवाडीची फेरी तेवढ्यात लागली,
मोटरसायकली खडखडत वर आल्या,
मला बाजूला व्हायला मिळालं.
मग मी म्हटलं, हो. काही आपलेपण.

तन्वेश काहीच बोलला नाही.
गेल्या महिन्यात त्यानेच रुजारला
आवळ्यांवरून भांडताना ‘खापरी’ म्हटलं होतं
आणि सगळी हसली होती.
मीही फक्त “शूऽऽ, वाचा” म्हटलं होतं.
तो शब्द कुठून आला
ते मला माहीत होतं, असं नाही.
माहीत करून घेतलं नव्हतं.

लहानपणी ताटात भात टाकला की
आई म्हणायची, जेव, नाहीतर खापरी येतलो.
मी दाराकडे डोळे लावून घास गिळायचे.
कशी असेल त्याची पावलं, किती मोठे हात.
आज पन्नाशीत, या रस्त्यावर उभी राहून कळतं:
तो आला नव्हता कधी.
त्याला आणलं होतं.

परतताना बसमध्ये रुजार खिडकीत बसला होता.
त्याने विचारलं,
“टीचर, त्यातला कोण इथेच राहिला असेल, तर?”
तर असेल, मी म्हटलं.
तो बाणस्तारीच्या पुलापर्यंत
आपल्या मनगटाकडे बघत होता.

सोमवारी वाचनालय झाडायला विश्रांती आली.
म्हणाली, “ह्या रेघा पुसू? आठवडाभर ठेवल्या,
वाटलं कपाट लावायचंय इथे.”
मी म्हटलं, राहू दे.
तिने केरसुणी उचलून
सोळा इंचांच्या कडेकडेनेच झाडलं
आणि मला विचारलं,
कपाट नाही, तर काय राहतं एवढ्या जागेत?