पंपावरचा आकडा

सकाळी सहाला हॅल्व्हरसनच्या पंपावर
नळी टाकीत खोचून मी उभी असते.
आकडे पळतात.
गॅलनमागे कराचे किती सेंट, ते सांगणारं पिवळं स्टिकर
अजून तिथंच आहे,
उन्हानं नेमका आकडाच खाल्लाय.

एकोणीस वर्षं चालवली मी नऊ नंबरची बस.
डेनबर्ग ते जिल्हा इस्पितळ,
गव्हाच्या टेकड्यांतून अठ्ठेचाळीस मैल,
कुणी हात केला की थांबायचं, कागदावर थांबा नसला तरी.
मागच्या शुक्रवारी किल्ली परत केली.
पाकिटात किल्लीसोबत माझा रुमालही गेला,
मागायला गेले नाही.

त्याआधी राजधानीत सुनावणी झाली.
बोलायला तीन मिनिटं, समोर लाल दिवा.
नंतर व्हरांड्यात अर्थखात्याचा क्विंटन बुसे भेटला, आवाज मऊ,
म्हणाला, मार्लिस,
पेट्रोलचा कर तिजोरीत येतो तो घाईतल्या पाहुण्यासारखा,
कोट काढायच्या आत मागच्या दारानं निघून जातो.
महामार्गाच्या रोख्यांचा हप्ता पहिल्या पंगतीला बसतो,
आणि ती पंगत उठेपर्यंत भांड्यांचे तळ दिसतात.
बसला, पदपथाला
खरकटं काढायला बोलावतात,
तेही दरवर्षी नाही.

खोटं बोलत नव्हता तो.
खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून आकडे मांडताना
त्याची पेन्सिल शेवटच्या ओळीपाशी थबकली.
तिथं त्यानं एक छोटं शून्य काढलं,
मग उगाच ते नीट गोल केलं.

कुठला हा रस्ता, ज्याचं देणं फिटत नाही?
बरेच आहेत, म्हणाला.
तुमच्या बाजूचा एक, सीडर फ्लॅटचा उड्डाणपूल.

तो पूल.
त्याच्या उद्घाटनाला मी होते,
डेरिक माझ्या खांद्यावर, हातात फुकटचा हॉटडॉग,
माझ्या केसांत मोहरी.
शाळेचा बँड एकच धून तीनदा वाजवून गेला.
त्या रोख्यांच्या मतपत्रिकेवर मी ‘हो’पुढे खूण केली होती.
कुणी विचारलं तर सांगेन,
अजून कुणी विचारलेलं नाही.

पुलापलीकडे मॉल होणार होता. झाला.
अकरा वर्षं चालला.
आता त्याच्या पार्किंगच्या भेगांत गवत,
पोरं रविवारी तिथं गाडी मागे घ्यायला शिकतात.
डेरिक दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या कुणाच्या पुलाला
सिमेंट ओततो.
मॉल गेला, पोरगा गेला.
कर्ज तेवढं गावात राहिलं,
मध्ये एकदा मुदत वाढवून घेतली,
म्हणजे आणखी नऊ वर्षं कुठं जात नाही.

अर्डिस टॉलेफसनचं डायलिसिस
मंगळवार, गुरुवार, शनिवार.
डोळे अधू, गाडीचा परवाना स्वतःहून परत केलेला.
तिच्या दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंत पदपथ नाही,
असता तरी अठ्ठेचाळीस मैल
वॉकर घेऊन कोण जातं?
म्हणून मी माझा पिकअप काढते.

बसमध्ये बसायची तशीच बसते ती, उजवीकडे,
पर्स मांडीवर उभी धरून.
बसभाडं होतं तेवढं, सव्वा डॉलर,
रुमालातून मोजून काढते.
मी नको म्हणते.
ती खिडकीबाहेर बघत
नाणी अ‍ॅशट्रेत ठेवून देते.
परवा तीच नाणी मी पंपावर दिली.
त्यांतले काही सेंट आत्ता
कुठल्या तरी रोखेधारकाच्या वाटेवर असतील.

सीडर फ्लॅटला आम्ही वर चढतो.
आठ वाजलेत, चार पदर,
आमच्याखेरीज एक गवताच्या गंज्यांचा ट्रक.
अर्डिस काचेला बोट लावून म्हणते,
बांधलाय मात्र चांगला, नाही?
हो, म्हणते मी.
आणि खरंच,
एक खड्डा नाही.