डावा स्पीकर

ऑगस्टात भिशी लागली. अठरा हजार.
दोन पिको मशीनच्या मोटारीला गेले, उरले सोळा.
विश्वांभर म्हणाले, "सोळात काय घुमतंय आजकाल?"
आणि तरी रविवारी सकाळी
इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे.

जालन्यात, सिंधी बाजारात, खलीलभाईचं दुकान.
आत काचेची खोली, खाली गालिचा, गार हवा,
पाच पेट्या भिंतीला, सहावी जमिनीवर, काळी,
बसलेल्या म्हशीसारखी.
त्यानं हेलिकॉप्टर लावलं.
ते माझ्या मागून आलं, डोक्यावरून गेलं,
माझा हात पदरावर.
मग पूल उडवला. मग काचा फोडल्या.
"कैसा लग्या, भाभी?"
म्हटलं, भाऊ, आमच्या घरात एवढं काही फुटत नाही.

घर दहा बाय बारा. वर पत्रा.
गल्लीतून बुलेट गेली तरी डब्यांची झाकणं बोलतात.
ही म्हैस तिथं बांधली
तर सिनेमा राहील बाजूला, पत्राच ऐकत बसावं लागंल.

हे गप्प. किमतीच्या चिठ्ठ्या वाचत होते,
आधी शून्यं, मग नाव.
बावीस वर्षं रोलिंग मिलमध्ये.
लाल सळई ज्या बाजूनं सुटते त्या बाजूचा कान
आता नुसता चष्मा अडकवायला.
भांडण ऐकू येतं, कुजबुज नाही.
सिनेमात कोणी हळू बोललं की माझ्याकडं बघतात.
मी सांगते: तो म्हणतोय, जाऊ नको.
ती म्हणतेय, बरं.
अर्धे सिनेमे यांनी माझ्याच आवाजात बघितलेत.

मी पेट्या बोटाच्या पेरानं वाजवून बघायला लागले,
कुंभाराकडं माठ वाजवतो तशा.
खलीलभाई हसले. "उलटं आहे, भाभी.
माठ खणखणला पाहिजे. पेटी मुकी पाहिजे.
पेटीच बोलायला लागली
तर आतल्या माणसानं काय बोलायचं?"
पटलं.
सासरची दोन-तीन नावंही आठवली, ते असू द्या.

मागच्या फळीवर एक जुनी जोडी होती,
बदली झालेल्या कुण्या बँकवाल्याची.
लाकडी, जाळीला ठिगळ,
उचलली तर पायलीभर ज्वारीएवढी जड.
नऊ हजार. अॅम्प्लिफायर पाच. वायर फुकट.
मी मोबाइल पुढं केला: हे लावा.
सेलूहून नणंदेचा निरोप आलेला, कालचा.
"वैनी, कामून फोन उचलीनास?
बहिरी झालीस का माझ्या भावावानी?"
मागं कुकर. ओट्याला लागलेली बांगडी.
काचेच्या खोलीत ती
स्टेशनावरच्या घोषणेसारखी येऊन गेली होती.
या जोडीतून आली ती थेट दाराशी उभी,
चप्पल न काढता.
यांनी मान वर केली. "कौशी?"

खलीलभाईनं गालिच्यावर त्रिकोण दाखवला:
दोन्ही पेट्या तुमच्यापासून सारख्या लांब.
इंचभर फरक नको.
मी पिशवीतली टेप काढून तिथंच मोजून घेतलं.

घरी मागच्या भिंतीवर वाकळ टांगली,
आवाज भिंतीला आपटून परत येऊ नये म्हणून.
उजवा सहा फूट. डावा सहा फूट.
उरलेल्या दोन हजारांवरून
म्हशीचा विषय परत निघाला,
मी म्हटलं, पुढच्या भिशीला बघू.
सिनेमा लावला.
दहाव्या मिनिटाला हे माझ्याकडं बघायला लागले.

उठले. डाव्या पेटीखालचा स्टूल
एक हात पुढं ओढला, यांच्या कानाकडं.
पायांभोवती शिवणाच्या खडूनं खूण केली,
झाडताना चुकायला नको.
आता मला सगळी माणसं
जराशी डावीकडंच उभी वाटतात, पडद्यावर कुठंही असोत.
खलीलभाई बघतील तर कपाळाला हात लावतील.

मग पडद्यावरची ती बाई हळूच काहीतरी म्हणाली.
मी सवयीनं तोंड उघडलं.
यांनी हात वर केला. थांब.

थांबले.
ती काय म्हणाली ते या वेळी मलाच कळलं नव्हतं.
विचारलं.
"काही नाही," म्हणाले, पडद्यावरची नजर न काढता,
"बरं म्हणाली."