गळलेली घरं

यादीत एकशे अठ्ठेचाळीस घरं होती,
त्यातली एकवीस गळलेली.
पावसात नव्हे, पाठपुराव्यातून :
सात वर्षांपूर्वी भेटली, पुढच्या फेरीत सापडली नाहीत,
म्हणून कोष्टकाच्या तळाशी
बारीक टायपात एका ओळीत दाटीनं बसवलेली.

ती शोधायला मला पाठवलं.
घरामागे तीनशे रुपये, बसभाडं वेगळं,
आणि एक टॅबलेट, जो रिवणच्या पुढे रेंज सोडतो
आणि परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखा
नुसता सोबत चालतो.

तिठ्यावरच्या पोसऱ्यात विचारलं, घर क्रमांक एकशे सतरा?
पोसरकार म्हणाला, नंबर नको, माणूस सांग.
मी म्हटलं, वेलीप.
तो हसला. समोरची टेकडी सोडली
तर इथं बाकी सगळे वेलीपच.

सुकांती वेलीप काजूच्या बोंडांतून बिया पिळत होती.
दोन टायर आडवे टाकलेले, त्यांत अळू.
ट्रकचं एवढंच उरलंय, ती म्हणाली.
खाण बंद पडली, आम्ही ओहोळापलीकडे मांगरात आलो,
पंचायतीनं नवा नंबर ठोकला.
हरवलो कुठं, बाय?
तिथून हाक मारली असती तरी ओ दिली असती.

प्रश्न एकोणीस :
गेल्या तीस दिवसांत पैशाअभावी घरात जेवण चुकलं का?
घराचं नाही. माझं चुकतं कधी.
माझं बोट 'होय'कडे गेलं,
तिनं पडद्यावर ओला हात आडवा धरला.
घराचं विचारलंस ना? मग नाही घाल.

आता उंची.
तन्वेशा तेव्हा चार वर्षांची, आता अकरा.
मी पट्टी जोडते आहे तोवर ती जाऊन
दाराशी उभी राहिली, टाचा टेकून, हनुवटी सरळ,
कुणी न सांगता.
दाराला फणसाची जुनी फळी,
तिच्यावर पेन्सिलनं, कुणा माझ्यासारखीच्याच अक्षरात : ९२.६.
आणि वर कोयतीच्या खाचा, दर चवथीला एक.
दोन खाचा अगदी चिकटलेल्या.
त्या वर्षाबद्दल मी विचारलं नाही,
तसा रकानाही नव्हता.

फळी जुन्या घराची, ती म्हणाली, घोवानं उचकटून आणली.
पण मांगराचं दार ठेंगणं, खालून चार बोटं कापावी लागली.
तेव्हापासून खाच मी डोक्याच्या चार बोटं खाली मारते.
नाहीतर पोरीला फुकटची वाढ मिळायची.

चार बोटं कुणाची? मी विचारलं.
माझीच. दर वेळी माझीच.

विद्यापीठात आम्हाला तीन दिवस शिकवलं होतं हे,
चहा-बिस्किटांसकट.

माझ्या पट्टीवर एकशे सदतीस पूर्णांक दोन.
तिच्या फळीवर, चार बोटं धरून, अर्धा सेंटिमीटर कमी.
कोण चुकलं ते मी लिहिलं नाही.

मग तिनं विचारलं, त्या पहिल्या आकड्याचं काय झालं?
मला ठाऊक होतं. आकृती दोन,
वळणदार रेषेच्या बरंच खाली एक ठिपका.
मी म्हटलं, छापून आला.
कुठं?
लांब.
मग तिथं कळव, पोर वाढते म्हणून.

निघताना तिनं मूठभर काजू दिले.
अन्वेषकानं उत्तरदात्याकडून काही घेऊ नये, असा नियम आहे.
नियमात बसत नव्हते. पर्समध्ये बसले.

तिळामळला बस वळली तसा टॅबलेट थरथरला,
सकाळपासूनचं सगळं एका दमात गिळून म्हणाला :
पाठवलं.
उरलेली घरं, वीस.