एक कोटी एक

बिल्डरच्या माणसाने चेकवर वरचा एक रुपया
शुभ म्हणून लावला.
एक, मग सहा शून्यं, मग पुन्हा एक.
घणसोलीच्या आमच्या पडवीत चेकची झेरॉक्स
सुपारीच्या डब्याखाली दाबून हासूरामकाका म्हणाले,
"तू क्लासात गणित शिकवतेस ना? कर वाटे.
तुझ्या बापाच्या जागी तू धरून आपण दहा."

दहाचं काय, तोंडी होतं.
प्रत्येकी दहा लाख. उरला एक.
"तो देवीच्या पेटीत टाकू," जोमाकाका म्हणाले,
आणि चहा आला.

मी मात्र त्या संख्येपाशीच बसून राहिले.
दोनाने नाही, शेवटी एक उभा आहे.
तिनाने नाही, अंकांची बेरीज दोन.
साताने भागली, चार उरले.
मग अकराची कसोटी: एकाआड एक घर घ्यायचं,
या घरांची बेरीज त्या घरांतून वजा.
पहिला एक या काठावर, शेवटचा त्या,
मधे सहा शून्यांची खाडी,
आणि दोघं एकमेकांना फेडून मोकळे.

अकरा.
नऊ लाख नऊ हजार एक्क्याण्णव, अकरा वेळा,
आणि पैशाची बाकी नाही.

त्या नऊ लाखवालीला रात्री पुन्हा धरलं.
तेरा, सतरा, एकोणीस…
नऊशे त्रेपन्नपर्यंत एकशे बासष्ट मूळ संख्या,
ती एकीलाही बधली नाही.
एकाला तिने भागत गेले तर दशांश
चौदा घरं फिरून
पुन्हा त्याच उंबऱ्यावर.
दोन वाजले होते. पंप सुरू झाला सोसायटीचा.

सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत.
अकरावं चांगुणा, दिली दिवाळ्याला.
आते दहा वर्षांची असताना
खाजणाच्या बांधावर उघाडीची फळी पाडायची,
भरती आधी तिला कळायची, मग आम्हाला,
हे हासूरामकाकाच सांगतात, हळदीत, दोन घोट गेल्यावर.
तिच्या हक्कसोडीचा कागद टाइप करून आणलाय.
अंगठ्यापुरती जागा कोरी.
"मना कय नको," ती म्हणते,
कुणी काही विचारायच्या आधीच.

सकाळी वही काकांसमोर ठेवली.
दहांत एक उरतो. अकरांत नि:शेष.
त्यांनी चष्मा पुसला,
बोटाने शून्यं मोजली, दोनदा.
"मग तो रुपया काढ. नुसती कोटी धर."

धरली.
नुसत्या कोटीला अकराने भागलं, काका,
तर बाकी दहा.

ते वहीकडे बघत राहिले.
मग सुपारी घ्यायला डबा उचलला
आणि झेरॉक्स पंख्याच्या वाऱ्याने
पडवीभर सरकत गेली.
कुणी उठलं नाही धरायला.